सर्वांत श्रेष्ठ अ‍ॅडव्हेंचर गेम कोणता, आणि तो ठरवायचा कसा?

सर्वांत श्रेष्ठ अ‍ॅडव्हेंचर गेम कोणता, असं दोन जाणकारांना विचारलं तर एक जण 'द लेजेंड ऑफ झेल्डा' म्हणतो आणि दुसरा 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड'. मग वाद रंगतो, पण तासभर बोलूनही गाडी जागची हलत नाही. दोघं मुळात वेगवेगळ्या खेळांबद्दल बोलत असतात. एकाच्या मनात तलवार घेऊन डोंगरदऱ्या तुडवणारा वीर असतो. दुसऱ्याच्या मनात असतो सापडेल ती वस्तू खिशात टाकणारा, भेटेल त्याच्याशी गप्पा मारणारा आणि कोडी सोडवत पुढे जाणारा भटक्या. विकणाऱ्याच्या लेखी दोन्ही 'अ‍ॅडव्हेंचर'च.

आपल्याकडे तिसरंही उत्तर येतं. नव्वदच्या दशकात संगणकाच्या क्लासला ज्यांनी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळला, त्यांना दुसरं नाव सुचतच नाही. जॉर्डन मेकनरचा 1989 चा हा गेम आजही पाहावा असा आहे. राजकन्येला सोडवायला एक तासाची मुदत, तळघरातले वर येणारे अणकुचीदार भाले, पायाखालची निसटणारी फरशी. पण त्यातलं कसब बोटांचं आहे. उडी नेमकी कधी मारायची, हे हाताला बसलं की गेम जमला. अ‍ॅडव्हेंचरची कसोटी निराळी असते, आणि ती समजून घ्यायची तर पार सुरुवातीला जावं लागेल.

दोन गुहा, दोन वाटा

विल क्राउदर हा अमेरिकेतला प्रोग्रॅमर. आजच्या इंटरनेटच्या आधी जे अर्पानेट होतं, त्यावर काम करणाऱ्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत तो होता. त्याला आणि त्याच्या बायकोला गुहा धुंडाळायचं वेड होतं, केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या मोहिमांत दोघांनी भाग घेतला होता. पुढे घटस्फोट झाला. मुली भेटायला येतील तेव्हा त्यांना खेळायला काहीतरी असावं, म्हणून 1975-76 च्या सुमारास त्याने एक प्रोग्रॅम लिहिला. त्यात चित्र एकही नव्हतं. पडद्यावर मजकूर उमटायचा: तुम्ही विटांच्या एका छोट्या घरासमोर उभे आहात, भोवती जंगल आहे, घरातून एक ओहोळ वाहतो आहे. तुम्ही एकदोन शब्द टाइप करायचे, कुठल्या दिशेला जायचं किंवा काय उचलायचं. मग संगणक पुढचं सांगायचा. 1977 मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने त्यात भर घातली आणि तो गेम संगणक असलेल्या जवळपास प्रत्येक विद्यापीठात पसरला. त्याला सगळे 'अ‍ॅडव्हेंचर' म्हणत. या प्रकाराला नाव तिथूनच मिळालं.

त्या गुहेत एका खोलीच्या भिंतीवर पाच अक्षरांचा एक मंत्र लिहिलेला आहे. तो टाइप केला की तुम्ही क्षणात पुन्हा त्या विटांच्या घरात. आता गंमत बघा. गेम बंद करून नव्याने सुरू केला आणि गुहेत न जाताच, घरात उभं राहून तोच मंत्र टाइप केला, तरी तो चालतो. म्हणजे त्या मंत्राची किल्ली गेममधल्या पात्राच्या खिशात नसून तुमच्या डोक्यात आहे. हा तपशील लक्षात ठेवा, माझा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे.

दुसरी गुहा जपानमधली. शिगेरू मियामोतो क्योतोजवळच्या सोनोबे गावात वाढला. लहानपणी रानावनात भटकताना त्याला एक गुहा सापडली आणि कंदील घेऊन तो आत शिरला, ही आठवण त्याने अनेकदा सांगितली आहे. 1986 मध्ये निंतेंडोने आणलेला पहिला 'झेल्डा' त्याच कुतूहलातून आला. नकाशा हातात न देता खेळाडूला मोकळ्या मैदानात सोडायचं आणि बाजूला एक काळोखं दार दाखवायचं. फरक एवढाच, की इथे राक्षस होते, तलवार होती आणि हाताचा वेग लागत होता. याला पुढे अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर म्हणू लागले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये आणलेला 'राजी: अ‍ॅन एन्शियंट एपिक' याच शाखेतला. त्यात कथा सांगतात दुर्गा आणि विष्णू, आणि मधले प्रसंग छायाबाहुल्यांमधून दिसतात. तो मला फार आवडतो. पण त्याचा जीव लढाईत आहे, शोधात कमी.

अमेरिकेत मात्र क्राउदरच्या वाटेने चित्रांची कोडी आली. केन आणि रॉबर्टा विल्यम्स या जोडप्याने 1980 मध्ये 'मिस्टरी हाउस'मध्ये पहिल्यांदा मजकुराला चित्राची जोड दिली, आणि त्यांच्या सिएरा कंपनीने पुढे 'किंग्ज क्वेस्ट' मालिका केली. सुंदर चित्रं, पण खेळाडूला न सांगता केलेला अन्याय ठायी ठायी. 'किंग्ज क्वेस्ट 5'मध्ये एक मांजर उंदराच्या मागे धावताना काही क्षण दिसतं. तेवढ्यात तुम्ही त्याला जुना बूट फेकून मारला नाही, तर उंदीर मरतो. पुढे केव्हातरी तुम्हाला तळघरात बांधून टाकतात, तेव्हा दोरी कुरतडायला तोच उंदीर हवा असतो. तो नसेल तर गेम तिथेच संपला, आणि का संपला हे कळायला मार्ग नाही.

या अन्यायावर रॉन गिल्बर्ट हा गेम रचणारा चिडला होता. 1989 मध्ये त्याने एक लेखच लिहिला: मरून मरून शिकायला लावू नका, कधीकाळी राहून गेलेल्या वस्तूपायी खेळाडूला अडकवून ठेवू नका, कोड्याचं उत्तर कळल्यावर 'अरे, हे मला सुचायला हवं होतं' असं वाटलं पाहिजे. 1990 मध्ये लुकासफिल्म गेम्ससाठी टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांच्यासोबत त्याने 'मंकी आयलंड' केला, तेव्हा हे नियम पाळले. त्यातली तलवारबाजी शब्दांची आहे. समोरचा टोमणा मारतो, तुम्ही सडेतोड उत्तर द्यायचं. रस्त्यावरच्या चाच्यांशी हरत हरत टोमणे आणि उत्तरं शिकायची. मग शेवटच्या तलवारबाज बाईसमोर उभं राहिलं, की ती नवेच टोमणे मारते आणि तुमची जुनी उत्तरं तिथे कुठे बसतील, हे तुम्हालाच जुळवावं लागतं. छत्तीस वर्षांपूर्वीच्या या कोड्याइतकं नीटस कोडं आजही क्वचित दिसतं.

नेहमीच्या मोजपट्ट्या

श्रेष्ठ ठरवायचं म्हटलं की लोक आधी गुण बघतात. 1998 च्या 'ऑकरिना ऑफ टाइम' या झेल्डा मालिकेतल्या गेमला मेटाक्रिटिक या परीक्षणं एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावर 100 पैकी 99 गुण आहेत. याहून जास्त कुठल्याच गेमला नाहीत. पण ते 22 परीक्षणांवरून काढलेले आहेत, आणि ती बहुतेक त्या काळातली आहेत. तेव्हा त्रिमितीय जगात चालणं हेच नवीन होतं. कॅमेरा कुठे बघेल आणि तलवार कुठे लागेल, याचा मेळ कुणालाच नीट जमत नव्हता. या गेमने एक बटण दाबून शत्रूवर नजर बांधून ठेवायची सोय केली आणि प्रश्न सुटला. आज जवळजवळ प्रत्येक लढाईच्या गेममध्ये ती सोय आहे, त्यामुळे आज पहिल्यांदा खेळणाऱ्याला तिचं अप्रूप वाटत नाही. 99 हा आकडा 1998 मधलं आश्चर्य मोजतो. ते आश्चर्य खरंच मोठं होतं.

खप बघावा, तर 'मिस्ट' समोर येतो. रँड आणि रॉबिन मिलर या भावांचा 1993 चा हा गेम सीडीवर आला आणि त्याच्यासाठी म्हणून लोकांनी सीडी ड्राइव्ह घेतले. 2002 मध्ये 'द सिम्स'ने मागे टाकेपर्यंत तो पीसीवरचा सर्वाधिक खपलेला गेम होता. उलट टिम शेफरचा 1998 चा 'ग्रिम फँडँगो' हा मृतांच्या दुनियेतला, मेक्सिकोच्या पितृपूजेच्या सणावर बेतलेला विलक्षण गेम दुकानात पडून राहिला. खपावरून दोघांची तुलना करणं मला पटत नाही.

प्रभाव ही तिसरी मोजपट्टी. बाफ्टा या चित्रपट, टीव्ही आणि गेमचे पुरस्कार देणाऱ्या ब्रिटिश संस्थेने 2025 मध्ये घेतलेल्या जनमतात सर्वाधिक प्रभावी गेम म्हणून सेगाच्या 'शेनम्यू'ला पहिलं स्थान मिळालं. प्रभावाचा मान मी क्राउदरला देईन. पण प्रभाव पाडणारा पहिला असतो. पहिला तोच सर्वांत चांगला, असं थोडंच असतं?

सगळं पुसून टाकलं तर?

मी वापरतो ती कसोटी सोपी आहे. गेमचा सेव्ह पुसून टाका. पात्राने मिळवलेलं सगळं गेलं: तलवारी, जीव, किल्ल्या, पातळ्या. आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. तुमच्याकडे काय उरलं?

लढाईच्या बहुतेक गेममध्ये थोडं हाताचं कसब उरतं आणि बाकी शून्यापासून कमवावं लागतं. बळ पात्राचं वाढलेलं असतं. 'मंकी आयलंड'मध्ये कोड्यांची उत्तरं आठवतात. दोन बेटांमधल्या तारेवरून घसरत जायला मधोमध कप्पी असलेली रबरी कोंबडी लागते, हे एकदा कळलं की विसरत नाही. तरी सगळे टप्पे पुन्हा क्रमाने करावेच लागतात. 'मिस्ट' इथे वेगळा निघतो. शेवटाला लागणारं पांढरं पान आणि शेकोटीतल्या गुप्त दाराची खूण हे दोन्ही सुरुवातीच्या बेटावरच आहेत. ठाऊक असलेला माणूस काही मिनिटांत गेम संपवतो. क्राउदरच्या मंत्राचाच हा मोठा भाऊ.

पण 'मिस्ट'मध्येही जे उरतं ते उत्तर आहे, एक सांकेतिक खूण. ती मला कुणी चिठ्ठीवर लिहून दिली तरी चालेल. याच्या वरची पायरी म्हणजे जग समजणं: इथे काय कशामुळे घडतं, हे इतकं उमगणं की मला कुणी न सांगितलेला उपायही सुचावा.

ही समज नसली की कोडी कुठवर घसरतात, त्याचं उदाहरण 1999 च्या 'गॅब्रिएल नाइट 3'मध्ये आहे. दुचाकी भाड्याने मिळवण्यासाठी नायकाला मित्राचं सोंग घ्यायचं असतं. त्यासाठी मिशी हवी. म्हणून शेडच्या भोकाला चिकटपट्टी लावायची, मांजराला तिथून पळवायचं, पट्टीला चिकटलेले केस घ्यायचे आणि ते पाकिटातल्या सिरपने ओठावर चिकटवायचे. आणि ज्याचं सोंग घ्यायचं त्या मित्राला मिशीच नाही, म्हणून त्याच्या पासपोर्टच्या फोटोवर मार्करने मिशी काढायची. यात जगाबद्दल काही कळत नाही. रचणाऱ्याच्या मनात काय होतं, याचा अंदाज बांधत बसावं लागतं. असल्या कोड्यांमुळेच त्या काळी लोक हा प्रकार संपला म्हणू लागले होते.

माझ्या कसोटीवर सर्वांत जास्त टिकणारा झेल्डा म्हणजे 2017 चा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी आणि निर्माता एइजी आओनुमा यांनी त्यात निसर्गाचे नियम बसवले. सुकं गवत पेटवलं की गरम हवा वर जाते, त्या हवेत छत्रीसारखं पॅराग्लायडर उघडलं की तुम्हीही वर जाता. वादळात हातात लोखंडी तलवार असेल तर वीज तुमच्यावर पडते, म्हणून ती शत्रूच्या पायाशी फेकून बाजूला व्हायचं. हे कुणी शिकवत नाही. सुरुवातीचं पठार उतरलं की थेट शेवटच्या किल्ल्यावर चालून जायची मुभा आहे, जमलं तर. सेव्ह पुसला तरी आग, वारा आणि विजेची समज उरते. मी तो दुसऱ्या क्रमांकाच्या दावेदारांत ठेवतो. पहिला देत नाही, कारण बहुतेक खेळाडूंसाठी वाट अजूनही ताकद गोळा करण्यातून जाते, आणि त्याची कथा त्या सुंदर रानाइतकी खोल नाही.

माझं उत्तर: आउटर वाइल्ड्स

अ‍ॅलेक्स बीचम या विद्यार्थ्याने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर प्रबंधासाठी एक गेम सुरू केला. मोबियस डिजिटल या छोट्या कंपनीत तो पूर्ण झाला आणि मे 2019 मध्ये 'आउटर वाइल्ड्स' नावाने आला. पुढच्या वर्षी त्याला बाफ्टाचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार मिळाला. माझ्या मते आजवरचा सर्वांत श्रेष्ठ अ‍ॅडव्हेंचर गेम हाच. यातलं कळणं हेच बक्षीस असल्यामुळे मी फक्त पहिल्या काही तासांत समोर येणाऱ्या गोष्टी सांगतो.

शेकोटीशेजारी डोळे उघडतात. वर आकाश. तुम्ही एका चिमुकल्या सूर्यमालेतले नवशिके अंतराळवीर आहात, यान लाकडी फळ्यांचं आणि पत्र्याचं. हवं त्या ग्रहावर जायचं. बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि सगळं संपतं. आणि पुन्हा शेकोटीशेजारी डोळे उघडतात. घडलेलं तुम्हाला आठवतं, बाकी जवळपास कुणालाच नाही. यानातली नोंदवही तेवढी सोबत राहते.

ग्रह एका जागी थांबून तुमची वाट बघत नाहीत. अ‍ॅश ट्विन आणि एम्बर ट्विन हे एकमेकांभोवती फिरणारे जुळे ग्रह घ्या. सुरुवातीला सगळी वाळू अ‍ॅश ट्विनवर असते, आणि ती अखंड धारेने एम्बर ट्विनवर पडत राहते, वाळूचं घड्याळ असतं तशी. तुम्ही एम्बर ट्विनच्या एका गुहेत शिरता. भिंतीवर नोमाई नावाच्या, इथून केव्हाच नाहीशा झालेल्या लोकांचं लिखाण असतं: एकाचं वाक्य वळत वळत जातं आणि त्यातून दुसऱ्याच्या उत्तराची फांदी फुटते. अनुवादाचं यंत्र रोखून तुम्ही ते वाचण्यात रमता आणि इकडे पायाशी वाळू चढत असते. छत आणि वाळू यांच्यात सापडलात की संपलात. पुढच्या फेरीत तुम्ही आधी तिथे पोचता. मग कधीतरी डोक्यात येतं, की इथे वाळूने जे बुजतं आहे, तितकंच तिकडे अ‍ॅश ट्विनवर उघडं पडत असणार. तिकडे गेलं तर वाळूखालून उंच मनोरे वर येताना दिसतात. ही अक्कल कुठल्याही पेटीत मिळत नाही.

तुम्हाला हत्यार नाही. ताकद वाढत नाही. शेवटच्या फेरीतलं यान पहिल्या फेरीतल्या यानाहून तसूभरही चांगलं नसतं. सगळं समजलेला माणूस एका फेरीत, म्हणजे बावीस मिनिटांच्या आत शेवट गाठू शकतो. न समजलेला माणूस कितीही खेळला तरी नाही. क्राउदरच्या भिंतीवरचा मंत्र इथे अख्ख्या सूर्यमालेएवढा झाला आहे, आणि तो पाठ करून भागत नाही, समजून घ्यावा लागतो.

नोमाईंचं लिखाण अ‍ॅलेक्सच्या बहिणीने, केल्सी बीचमने केलं आहे. त्यात शास्त्रज्ञांचे वाद आहेत, मुलांच्या खोड्या आहेत, एकमेकांवर जीव टाकणारी माणसं आहेत. ती हळूहळू तुमची होतात. अँड्र्यू प्रालोचं संगीतही खेळाचा भाग आहे: तुमच्या आधी निघालेले प्रवासी वेगवेगळ्या ग्रहांवर बसून एकच धून वाजवत असतात, कुणी बँजोवर, कुणी बासरीवर, कुणी ढोलावर. दुर्बिणीसारखं यंत्र आकाशात फिरवलं की एकेकाचा सूर सापडतो, आणि खूप दूर जाऊन मागे वळलात तर सगळे एकत्र ऐकू येतात. कुठल्याही गेमने मला इतकं हलवलेलं नाही.

यावरचे आक्षेप

सगळ्यांत वजनदार आक्षेप हा, की तो एकदाच खेळता येतो. कळलेलं पुन्हा न-कळलेलं करता येत नाही. झेल्डा दर दोन वर्षांनी नव्याने खेळता येतो, हा नाही. मला हे मान्य आहे, आणि ही उणीव माझ्या कसोटीतूनच आलेली आहे. ज्ञान हेच बक्षीस असलेल्या खेळात दुसरं काही होऊच शकत नाही. ज्यांना वारंवार खेळता येणं महत्त्वाचं वाटतं त्यांनी 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ला पहिलं स्थान द्यावं. तो निकालही चुकीचा म्हणता येणार नाही.

लुकास पोपचा 2018 चा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' हाही याच जातीचा, आणि काही जण त्याला वर ठेवतात. 1807 साल, ईस्ट इंडिया कंपनीचं रिकामं परतलेलं जहाज, त्यावरच्या 60 माणसांचं काय झालं ते विम्याच्या निरीक्षकाने शोधायचं. कुणाच्या झोळीवर कुठला आकडा आहे, कोण कुठल्या भाषेत ओरडतो, यावरून माणूस ओळखायचा. यादीत भारतीय खलाशीही आहेत, आणि पेहरावाकडे बारकाईने बघायची सवय असली तर ते लवकर सापडतात. अप्रतिम आहे. पण ते जग थिजलेलं आहे. सगळं घडून गेल्यावर तुम्ही नोंदी भरता. शिवाय तीन अंदाज बरोबर आले की गेम तसं सांगतो, त्यामुळे ठोकताळ्याला थोडी जागा राहते.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा आणि अगदी रास्त आहे: 'आउटर वाइल्ड्स'मध्ये वाचायला खूप आहे आणि तो मराठीत किंवा हिंदीत नाही. इंग्रजी सोपं आहे, पण बरंच आहे. घरात कुणी इंग्रजी सहज वाचणारं असेल तर दोघांनी मिळून खेळावा. एकाने यान चालवायचं, दुसऱ्याने वाचायचं आणि तर्क लढवायचे. लहान मुलांना या प्रकाराची गोडी लावायची असेल तर आधी चेक कलाकारांचा 2009 चा 'माशिनारियम' द्या. त्यात संवाद शब्दांत नाहीत, फुग्यांमधल्या चित्रांत आहेत.

खेळायला बसाल तेव्हा यूट्यूबवर काही शोधू नका, अडलात तरी. अडलात की यानातली नोंदवही उघडा, जिथे अजून काही बाकी आहे त्या जागेवर ती तसं लिहून ठेवते. कीबोर्डपेक्षा कंट्रोलरने यान जास्त चांगलं ताब्यात राहतं. पहिले काही तास यान सारखं आपटेल, ते सगळ्यांचंच आपटतं. 'इकोज ऑफ द आय' ही 2021 ची पुरवणी मूळ गेम संपल्यावरच घ्या. ती बरीचशी अंधारात घडते आणि काही ठिकाणी धडकी भरवते, म्हणून भीती कमी करायचा पर्याय सेटिंगमध्ये दिलेला आहे.